उतारवयातला निवारा : ड्रेस्डेनच्या निमित्ताने

वृद्ध माणसाने कुठे राहावे, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत एखाद्या अपघातानंतरच समोर येतो. आई न्हाणीघरात पडते, खुब्याचे हाड मोडते, इस्पितळातून सुट्टी मिळण्याचा दिवस ठरतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ती आता कशी चढणार, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा चार दिवसांत घेतलेला निर्णय पुढे कित्येक वर्षे निभवावा लागतो. त्या घाईत दोनच वाटा दिसतात : घरीच ठेवायचे किंवा आश्रमात ठेवायचे. पहिलीला कर्तव्य म्हणतात, दुसरीला लोक नावे ठेवतात. त्यामुळे ज्या माणसाबद्दल हे सारे चालले आहे, त्याला उठता-बसता नेमकी कशाची मदत लागते, हे विचारायचे राहूनच जाते. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या असू शकतात. त्या पायऱ्या असलेल्या समाजात वृद्धांचे हाल कमी होतात आणि मुलांची ओढाताणही कमी होते. पूर्व जर्मनीतले ड्रेस्डेन हे शहर यासाठी पाहण्यासारखे आहे.

ड्रेस्डेन ही सॅक्सनी राज्याची राजधानी, साडेपाच लाखांहून अधिक वस्तीची. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडची तरुण माणसे कामाच्या शोधात मोठ्या संख्येने पश्चिमेला गेली आणि मागे राहिलेला समाज वेगाने म्हातारा झाला. पुढे याच शहरात अर्धवाहक उद्योग उभा राहिला. इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज, बॉश यांचे कारखाने इथे आहेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणीही झाली. या कारखान्यांबरोबर आणि तंत्रविद्यापीठाबरोबर भारतीय अभियंते व संशोधक इथे आले. त्यांत पुणे-मुंबई-नाशिककडची मराठी कुटुंबेही आहेत. म्हणजे एकाच शहरात दोन प्रकारचे वार्धक्य आहे : एक डोळ्यांसमोरचे, शेजारच्या जर्मन आजी-आजोबांचे, आणि दुसरे सहा-सात हजार किलोमीटरवरचे, फोनच्या पडद्यावर दिसणारे.

राहण्याच्या व्यवस्थेची सुरुवात इमारतीपासून होते. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत ड्रेस्डेनचे मध्यवर्ती शहर बेचिराख झाले. नंतरच्या समाजवादी राजवटीने घरटंचाईवर उपाय म्हणून कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फळ्या जोडून वसाहती उभ्या केल्या. योहानश्टाट, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातले प्रोलिस आणि १९८० च्या दशकातले गोर्बिट्स या त्यांतल्या मोठ्या. यांतल्या सहा मजली इमारती लिफ्टशिवाय बांधल्या गेल्या. तेव्हा राहायला आलेली जोडपी तरुण होती आणि गरम पाणी, न्हाणीघर, केंद्रीय उष्णता असलेले घर मिळाल्याच्या आनंदात होती. जिना कोणाच्या लक्षातही आला नसावा. ती सारी एकाच वेळी म्हातारी झाली आणि पाचव्या मजल्यावरचे चांगले घर हळूहळू कोंडवाडा होऊ लागले. पाय दुखतात म्हणून बाजार बंद, बाजार बंद म्हणून माणसे भेटणे बंद, असा तो क्रम असतो. पुण्या-मुंबईतल्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्यांत राहणाऱ्या वृद्धांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गोर्बिट्समध्ये यावर जे केले गेले, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथल्या रेल्वे कामगारांच्या गृहनिर्माण सहकारी संस्थेने २००० नंतरच्या दशकात काही इमारतींचे वरचे मजले उतरवून घेतले. उरलेल्या घरांना मोठ्या गच्च्या मिळाल्या, मांडणी बदलली आणि वसाहतीच्या त्या भागाचे रूपच पालटले. अशा सहकारी संस्थांत सभासदाला घर कायम वापरण्याचा हक्क असतो. ते घर विकता येत नाही, पण नियम पाळणाऱ्या सभासदाला कोणी बाहेरही काढत नाही. या पद्धतीचा वृद्धांना मोठा फायदा असा की, वरच्या मजल्यावरचा सभासद त्याच वसाहतीत खालच्या मजल्यावरचे किंवा लिफ्टचे घर मागू शकतो. औषधाचे दुकान तेच, ट्रामचा थांबा तोच, जिन्यात भेटणारी माणसेही बरीचशी तीच. वृद्धांच्या स्थलांतराचा याहून सौम्य प्रकार क्वचितच सापडेल. आपल्याकडे घर ही मालमत्ता असल्यामुळे अशी अदलाबदल जवळजवळ होतच नाही. तळमजल्यावर दुकान असते, तिसऱ्या मजल्यावर आजोबा असतात आणि पुनर्विकासाची वाट पाहता पाहता दोन-चार वर्षे आणि बऱ्याचदा आजोबाही निघून जातात.

शहराने उलटे पाऊलही टाकले आहे. २००६ मध्ये ड्रेस्डेन महापालिकेने आपल्या गृहनिर्माण कंपनीची सारी, म्हणजे सुमारे ४८ हजार घरे एका अमेरिकी गुंतवणूकदार कंपनीला विकून टाकली आणि शहर कर्जमुक्त झाल्याचे जाहीर केले. पुढे ती घरे मोठ्या खासगी कंपनीच्या हाती गेली. २०१७ मध्ये महापालिकेला नवी गृहनिर्माण कंपनी स्थापन करून पुन्हा थोड्या घरांपासून सुरुवात करावी लागली. स्वस्त आणि वृद्धांना झेपणारी घरे ही नगरपालिकेच्या हातातली सर्वांत उपयोगी गोष्ट असते; एका हिशेबात ती घालवणे ही मोठी चूक होती, असेच म्हणावे लागेल.

घर झेपण्याजोगे झाले तरी देखभालीचा प्रश्न उरतोच. जर्मनीत त्यासाठी स्वतंत्र सामाजिक विमा आहे. आरोग्य, अपघात, निवृत्तिवेतन आणि बेकारी या जुन्या चार विम्यांच्या जोडीला १ जानेवारी १९९५ पासून हा पाचवा देखभाल विमा आला. त्या वर्षी एप्रिलपासून घरच्या देखभालीचे आणि जुलै १९९६ पासून निवासी संस्थांतल्या देखभालीचे लाभ सुरू झाले. मालकवर्गावर पडणारा बोजा भरून काढण्यासाठी नोव्हेंबरातली प्रायश्चित्त व प्रार्थनेची एक सार्वजनिक सुट्टी रद्द करायची, असे ठरले. सगळ्या राज्यांनी ती रद्द केली, फक्त सॅक्सनीने ठेवली. म्हणून आजही ड्रेस्डेनमधला कामगार या विम्यासाठी इतर राज्यांतल्या कामगारापेक्षा जास्त वाटा भरतो. २०२५ पासून एकूण हप्ता पगाराच्या ३.६ टक्के आहे. इतरत्र तो मालक आणि कामगार यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. सॅक्सनीत कामगार २.३ टक्के देतो आणि मालक १.३ टक्के. मूल नसलेल्यांना त्यावर आणखी ०.६ टक्के द्यावे लागतात. ड्रेस्डेनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्याच्या पगारातूनही हे पैसे दरमहा कापले जातात, पण पुण्यातल्या त्याच्या आईला त्यातला एक सेंटही मिळू शकत नाही.

विम्याचा लाभ वयावर मिळत नाही, परावलंबनावर मिळतो. अर्ज केल्यावर वैद्यकीय सेवेचा तपासनीस घरी येतो आणि सहा बाबी पाहतो : हालचाल, समज आणि संवाद, वागणूक आणि मानसिक अडचणी, आंघोळ, जेवण, संडास यांसारख्या स्वतःच्या गोष्टी, औषधे व उपचार सांभाळणे, आणि दिवसाची आखणी व माणसांशी संबंध. यात सर्वाधिक, ४० टक्के वजन स्वतःच्या गोष्टी करण्याला आहे; नुसत्या हालचालीला १० टक्केच. येणाऱ्या गुणांवरून एक ते पाच अशी श्रेणी ठरते आणि निर्णय साधारणतः २५ कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. २०१७ पर्यंत तीनच पायऱ्या होत्या आणि त्या मुख्यतः शारीरिक दुबळेपणावर ठरत. त्यामुळे हातपाय धड पण स्मृती गेलेली माणसे उपेक्षित राहत. १ जानेवारी २०१७ च्या बदलाने स्मृतिभ्रंशाला हिशेबात योग्य जागा मिळाली.

ही सहा बाबींची तपासणी कोणत्याही देशातल्या कुटुंबाने कागद घेऊन करण्याजोगी आहे. ‘बाबांना आता एकटे ठेवता येणार नाही’ या वाक्यात काळजी असते, माहिती नसते. बाबा स्वतः आंघोळ करतात, पण टबमधून उठताना तोल जातो. गोळ्या घेतात, पण सकाळ-संध्याकाळ विसरतात. रात्री दोनदा संडासला उठतात. दुपारी कोणाशीच बोलत नाहीत, असे लिहिले की उपायही वेगवेगळे दिसू लागतात. भिंतीला धरायचा दांडा, आठवड्याची औषधाची डबी, पलंगाशेजारी दिवा, आठवड्यातून तीन दुपारी सोबत. घर बदलण्याची गरज या यादीतून कधी निघते, कधी निघत नाही. घरात असे बदल करायला जर्मन देखभाल विमा एका वेळी ४,१८० युरोपर्यंत मदत देतो, कारण पडलेल्या माणसापेक्षा दांडा स्वस्त असतो.

युरोपात म्हाताऱ्यांना सरसकट संस्थांत ठेवतात, हा आपल्याकडचा समज आकड्यांपुढे टिकत नाही. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत देखभालीची गरज मान्य झालेली सुमारे ५७ लाख माणसे होती. त्यांपैकी ८६ टक्के घरीच राहत होती आणि सुमारे ३१ लाखांची देखभाल मुख्यतः नातेवाईक करत होते. विमा अशा कुटुंबाला दोन पर्याय देतो. नातेवाइकांनी देखभाल केली तर रोख रक्कम मिळते, व्यावसायिक परिचारिका घरी आली तर त्याहून मोठी रक्कम थेट त्या सेवेला जाते. तिसऱ्या श्रेणीत २०२५ मध्ये ही रोख रक्कम महिना ५९९ युरो आणि सेवेची मर्यादा १,४९७ युरो होती. दोन्हींचे मिश्रणही करता येते. देखभालीसाठी नोकरीचे तास कमी करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही ठरावीक अटींवर देखभाल विम्याकडून भरला जातो.

हा शेवटचा मुद्दा मराठी वाचकाने जरा थांबून पाहावा. आपल्याकडे ‘घरी ठेवले’ याचा अर्थ बहुतेक वेळा सुनेने किंवा मुलीने नोकरी सोडली किंवा आपली झोप सोडली असा असतो. त्या कामाला मोल नाही, रजा नाही, आणि वर्षानुवर्षे उचलून-बसवून तिचीच कंबर गेली तर त्याची नोंद कुठेच होत नाही. घरच्या देखभालीचा गौरव करणाऱ्या समाजाने ती करणाऱ्या बाईचे वार्धक्य सुरक्षित केले नाही, तर तो गौरव खोटाच. जर्मनीतही हे काम मुख्यतः बायकाच करतात आणि मिळणारी रक्कम पगाराच्या जवळपासही जात नाही. तरीही त्यांचे श्रम कागदावर आले आहेत, हा फरक लहान नाही.

घरात चोवीस तास बाई ठेवण्याचा प्रघात तिथेही आहे. पोलंड आणि चेक सीमा ड्रेस्डेनपासून जवळ; पूर्व युरोपातून येणाऱ्या बायका वृद्धांच्या घरी राहून देखभाल करतात, जशा आपल्याकडे ब्युरोमार्फत आलेल्या मावशी करतात. २४ जून २०२१ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने एका बल्गेरियन देखभालकर्तीच्या खटल्यात निकाल दिला की, हाक येईल म्हणून जागे किंवा तयार राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन द्यावे लागेल. एकाच बाईकडून चोवीस तासांची सेवा घेणे म्हणजे तिच्या विश्रांतीवर डल्ला मारणे आहे, ही गोष्ट त्यामुळे उघडपणे मांडली गेली. पुण्यातल्या मावशींच्या बाबतीत ती अजून मांडली जायची आहे.

घर आणि संस्था यांच्यामधल्या पायऱ्या हीच ड्रेस्डेनची खरी जमेची बाजू. पहिली पायरी शेजाऱ्यांची. सॅक्सनीत छोटा अभ्यासक्रम पूर्ण केलेला शेजारी ‘शेजार-मदतनीस’ म्हणून मान्यता घेऊ शकतो. बाजार आणणे, डॉक्टरकडे सोबत जाणे, फिरायला नेणे यासाठी त्याला विम्यातल्या दरमहा १३१ युरोंच्या मदतनिधीतून मानधन मिळते. दुसरी दिवसनिवासाची : सकाळी गाडी येते, वृद्ध व्यक्ती दिवसभर दिवसनिवासात राहते, तिथे जेवते, गाते, व्यायाम करते आणि संध्याकाळी घरी परतते. याचा खर्च विमा घरच्या देखभालीच्या रकमेला हात न लावता वेगळा देतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्या मुलीचा दिवस मोकळा होतो. तिसरी अल्पकालीन निवासाची. देखभाल करणारे आजारी पडले किंवा गावाला गेले तर काही आठवड्यांसाठी. जुलै २०२५ पासून या आणि घरीच पर्यायी माणूस ठेवण्याच्या खर्चासाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरोंचा एकत्रित निधी आहे.

त्यानंतर सेवानिवास येतो : स्वतःचे छोटे घर, लिफ्ट, आपत्कालीन घंटा, खाली एखादे सामायिक दालन आणि ठरावीक सेवाशुल्क. इथे कुटुंबांची फसगत होते ती जाहिरातीमुळे. ‘सेवानिवास’ हे नाव कायद्याने बांधलेले नाही आणि त्यात प्रत्यक्ष देखभाल धरलेली नसते. ती वेगळी मागवावी आणि मोजावी लागते. करारात भाडे कशाचे, शुल्क कशाचे आणि रात्री घंटा वाजवल्यावर नेमके कोण व किती वेळात येणार, हे वाचल्याशिवाय सही करू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या काही जणांनी मिळून एक मोठे घर भाड्याने घ्यायचे आणि देखभाल सेवा सामायिक ठेवायची, अशीही पद्धत आहे. तिला विमा महिना माणशी २२४ युरोंचा जादा भत्ता देतो. या क्षेत्रातल्या जुन्या संस्थांपैकी फोल्क्ससोलिडारिटेट ही ऑक्टोबर १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्येच, युद्धानंतरच्या हिवाळ्यात लोक उपाशी-गारठून मरू नयेत म्हणून स्थापन झाली. समाजवादी काळात ती वृद्धांच्या जेवणासाठी आणि भेटण्याच्या जागांसाठी ओळखली जाई. राजवट बदलली, संस्था टिकली.

शेवटची पायरी फ्लेगेहाइम, म्हणजे चोवीस तास देखभालीचा निवास. ड्रेस्डेनमध्ये चर्चच्या, सेवाभावी संस्थांच्या, खासगी कंपन्यांच्या आणि कुल्टुस या महापालिकेच्या कंपनीच्या अशा संस्था आहेत. विमा इथे सगळा खर्च देत नाही. तिसऱ्या श्रेणीसाठी २०२५ मध्ये तो महिना १,३१९ युरो देई. उरलेला देखभालखर्च, राहणे-जेवण आणि इमारतीचा खर्च रहिवाशाकडे येतो. देशभरात पहिल्या वर्षी ही सरासरी २०२५ मध्ये महिना तीन हजार युरोंच्या घरात गेली. सॅक्सनीत ती थोडी कमी, पण तिथली निवृत्तिवेतनेही मोठी नाहीत. देखभालीच्या वाट्यावर विमा पहिल्या वर्षी १५ टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५० आणि नंतर ७५ टक्के सूट देतो. पैसे संपले की समाजकल्याण खाते उरलेले भरते आणि १ जानेवारी २०२० पासून ज्या मुलाचे वार्षिक ढोबळ उत्पन्न एक लाख युरोंहून जास्त आहे, त्याच्याकडूनच ते वसूल होते. भारतातला २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा नेमका उलट दिशेचा. तो मुलांवर जबाबदारी टाकतो आणि वृद्धांना न्यायाधिकरणापुढे मुलांविरुद्ध उभे राहायला सांगतो. फार थोडे आईबाप ते करू शकतात. २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण ते इस्पितळाचे बिल भरते, रोजची आंघोळ घालायला माणूस देत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ड्रेस्डेनमधल्या एका प्रयोगाची बातमी जगभर गेली. तिथल्या आलेक्सा या वृद्धनिवासात जुन्या पूर्व जर्मनीची स्कूटर सजावटीसाठी ठेवली होती. इतर वेळी गप्प असणारे रहिवासी तिच्याभोवती जमून बोलू लागले, हे पाहून संस्थेने १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या घरांसारख्या खोल्याच सजवल्या : त्या काळचे फर्निचर, स्वयंपाकाची साधने, किराणा मालाची वेष्टने, रेडिओ. नुसते पडून राहणारे काही जण या खोल्यांत उठून काम करू लागले, भांडी हाताळू लागले. हा गेलेल्या राजवटीचा गौरव नव्हता. हातांना जे काम तरुणपणी ठाऊक झाले, ते नावे आणि तारखा विसरल्यावरही हातांत राहते, एवढाच त्याचा आधार.

परदेशातल्या मराठी कुटुंबाने हा प्रयोग उलट बाजूने वाचायला हवा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची भाषा शेवटपर्यंत राहते, असे अनेकदा दिसते. मग सातारा जिल्ह्यात वाढलेल्या आजींसाठी ड्रेस्डेनच्या फ्लेगेहाइममधली ती खोली म्हणजे परकीय सामान. परिचारिका मायाळू असेल, पण आजींनी ‘जरा कुशीवर वळव गं’ म्हटलेले तिला कळणार नाही. जेवणात थंड ब्रेड आणि चीज येईल, वरण-भात येणार नाही. देखभालीची उत्तम यंत्रणाही भाषेपाशी येऊन थांबते.

म्हणून ‘आई-बाबांना इकडेच आणू’ हा विचार प्रेमाचा असला, तरी त्याची पारख कठोरपणे करावी लागते. आधी कायदा. जर्मनीत आईवडिलांना कायम राहण्यासाठी बोलावणे पूर्वापार केवळ असाधारण हालअपेष्टेच्या परिस्थितीतच शक्य होते आणि ती सिद्ध करणे अवघड असे. १ मार्च २०२४ पासून यात एक दार उघडले. त्या दिवशी किंवा त्यानंतर ज्यांना ब्ल्यू कार्ड किंवा ठरावीक कुशल कामाचा परवाना पहिल्यांदा मिळाला, त्यांच्या आईवडिलांना, आणि जोडीदार तिथे कायम राहत असल्यास सासू-सासऱ्यांनाही, निवास परवाना मिळू शकतो. आधीपासून ड्रेस्डेनमध्ये असलेली कुटुंबे यात बसत नाहीत. शिवाय निर्वाहाची हमी आणि आरोग्य विमा या अटी आहेत आणि खरी अडचण विम्यातच येते. आईवडील मुलाच्या सरकारी कौटुंबिक विम्यात बसत नाहीत. खासगी विमा वय आणि जुने आजार पाहून महाग पडतो किंवा नाकारला जातो. देखभाल विम्याचा लाभ मिळायलाही मागच्या दहा वर्षांत किमान दोन वर्षे विमाधारक असावे लागते. म्हणजे परावलंबी झाल्यावर आणलेल्या आईला त्याच गरजेसाठी सुरुवातीला काही मिळत नाही. उरतो तो पर्यटक व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवसांचा.

कायद्याने परवानगी दिली तरी जीवन उरते. नोव्हेंबरात ड्रेस्डेनमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारते. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर भाषा परकी, पायाखाली बर्फ. पुण्यात ज्या बाईंना भाजीवाला, देवळातल्या मैत्रिणी, समोरच्या घरातली शेजारीण आणि सकाळचे मराठी वर्तमानपत्र आहे, त्यांना तिथे मुलाच्या घरातली एक खोली मिळते. हातपाय चालते असताना आलेली, थोडी भाषा शिकलेली, ट्रामने एकटी फिरणारी व्यक्ती कदाचित रुळेल. ऐंशीव्या वर्षी, जोडीदार गेल्यावर लगेच आणलेली व्यक्ती बहुधा रुळत नाही. आई जवळ आहे याचे समाधान मुलाला मिळते, त्याची किंमत आई मोजते. हे बोलायला कटू असले, तरी निर्णयाआधीच बोलले गेले पाहिजे.

दुसरा मार्ग आई-बाबा जिथे राहतात तिथेच आधार उभा करण्याचा. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८६३ चा वारसा सांगणाऱ्या ‘निवारा’पासून १९९५ नंतरच्या सरकारी ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांपर्यंत आणि ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलांपर्यंत पर्यायांची मोठी रांग आहे. परदेशस्थांच्या पालकांची ‘नृपो’ ही संघटनाही पुण्यात काम करते. मुले दूर आहेत हे समान दुःख असलेली माणसे एकमेकांच्या दाराशी जातात, हा आधार पैशाने विकत मिळत नाही. कमतरता आहे ती मधल्या पायऱ्यांची : दिवसनिवास, अल्पकालीन निवास, प्रशिक्षित आणि नोंदणीकृत मदतनीस, आणि संस्थांवर नियमित देखरेख. ज्याला परवडते तो संकुलात जातो, ज्याचे कोणी नाही तो आश्रमात, आणि मधला मोठा वर्ग मावशी मिळतील तशा ठेवून दिवस काढतो. युरोत कमावणाऱ्या मुलाने पाठवलेल्या पैशांचा सर्वांत चांगला उपयोग या मधल्या पायऱ्या आईसाठी बांधण्यात होऊ शकतो : दोन पाळ्यांत दोन बायका, तिसऱ्या मजल्याऐवजी त्याच गल्लीत लिफ्टचे भाड्याचे घर, महिन्यातून एकदा येणारा फिजिओथेरपिस्ट, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारी, मोबदला घेणारी एक जबाबदार व्यक्ती. चुलतभाऊ ‘बघतो’ म्हणतो, त्यावर ही व्यवस्था सोडू नये.

जर्मनीतच वय झालेल्या मराठी माणसांचा प्रश्न यानंतर येतो आणि येत्या वीस-तीस वर्षांत तो वाढत जाईल. तीस वर्षे तिथे हप्ते भरल्यावर म्हातारपणी पुण्याला परतावे, असे अनेकांना वाटते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि निवृत्तिवेतन भारतात मिळते. देखभाल विम्याची रोख रक्कम मात्र युरोपीय संघाबाहेर कायम राहायला गेल्यावर थांबते. म्हणजे ऐन गरजेच्या काळात, आयुष्यभर भरलेल्या हप्त्यांचा लाभ आणि मातृभाषेतला शेजार यांतले एकच निवडावे लागते. हा अन्याय आहे, आणि दोन देशांमधल्या पुढच्या वाटाघाटींत तो मांडला जायला हवा. तोवर परतायचे की नाही, हे साठीतच, आकडेमोड करून ठरवणे भाग आहे.

शेवटी प्रश्न राहतो सहीचा. जर्मनीत मुलगा म्हणून मुलाला आईच्या वतीने सही करण्याचा आपोआप हक्क नाही. जानेवारी २०२३ पासून पती-पत्नींना आजाराच्या प्रसंगी परस्परांसाठी सहा महिन्यांपुरते मर्यादित प्रतिनिधित्व मिळते. मुलांना तेही नाही. आधी लिहून ठेवलेले मुखत्यारपत्र नसेल तर न्यायालय पालनकर्ता नेमते आणि तो परका माणूसही असू शकतो. त्यामुळे कोणी बोलायचे, कोणते उपचार नकोत, घर सोडावे लागले तर कुठे जायला चालेल, हे वृद्ध व्यक्तीने शुद्धीत, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवण्याची तिथे रीत आहे. आपल्या घरांत हा विषय काढणे अशुभ मानतात. परिणामी जिचे घर बदलायचे, तिलाच सर्वांत शेवटी कळते, तेही कधी ‘चार दिवस बदल म्हणून’ असे खोटे सांगून. यासारखा विश्वासघात दुसरा नाही, आणि संस्थेत गेलेल्या वृद्धांचे मन न रमण्यामागे अनेकदा जागेपेक्षा ही फसवणूकच अधिक असते.

संस्था निवडताना त्या व्यक्तीनेच ती आधी पाहावी, शक्य तर अल्पकालीन निवासाच्या निमित्ताने दोन-तीन आठवडे राहून. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी किती कर्मचारी असतात, रात्री पाळीवर किती जण, अंथरुणाला खिळलेल्यांना दिवसातून कितीदा उठवतात, स्वतःची खुर्ची आणि देवघर आणता येते का, हे विचारायचे प्रश्न. दर्शनी भागातल्या फुलांपेक्षा मजल्यावरचा वास आणि कर्मचारी रहिवाशांशी कोणत्या स्वरात बोलतात, हे जास्त सांगून जाते. जर्मनीत २००९ च्या निवास-देखभाल करार कायद्यानुसार रहिवाशाला राहायला गेल्यावर पहिले दोन आठवडे केव्हाही आणि नंतर महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत सूचना देऊन त्याच महिन्याअखेर करार मोडता येतो. संस्थेला मात्र सबळ कारणाशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही. भारतात अशी तरतूद करारातच लिहून घ्यावी लागते, आणि अनामत रक्कम मोठी असेल तर ती परत केव्हा व किती मिळेल, हेही. निर्णय घेतल्यावर सहा महिन्यांनी त्या सहा बाबींची यादी पुन्हा काढून तपासावी : प्रकृती सुधारली असेल तर घरी परतणेही शक्य असते, आणि बिघडली असेल तर पुढची पायरी कोणती, हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवण्याइतका वेळ अजून हाती असतो.